हाकेची खिडकी

"आहेस का गं?"

हा आवाज तिनं पहिल्यांदा ऐकला तो भिंतीपलीकडून. आई गेली त्याच आठवड्यात मावशीनं तिला आपल्या घरी आणलं आणि स्वतःच्या खोलीला लागून असलेली एवढीशी खोली तिला दिली. उशीला परका वास, छताला परके डाग. दोन खोल्यांमधल्या भिंतीत, वर, कधीकाळी नळ नेण्यासाठी पाडलेलं वीटभर भोक बुजवायचं राहून गेलं होतं. दिवा मालवल्यावर त्या भोकातून मावशीची हाक आली. ती गप्प राहिली. हाक पुन्हा आली, तितकीच सावकाश, जणू वाट पाहायला सगळा जन्म मोकळा पडलाय. तेव्हा तिनं हुंदका गिळला आणि म्हणाली, "आहे."

"मग झोप."

एवढंच. पण त्या दिवसापासून तो दोघींचा रिवाज झाला. मावशीनं हाक मारायची, तिनं ओ द्यायची, मग डोळा लागायचा. कधी भांडण व्हायचं, दोघी तोंडं फिरवून बसायच्या, तरी तेवढ्यापुरता अबोला मोडायचा. मावशीला शब्द जुळवायची खोड होती. भांडी घासता घासता ती गुणगुणायची —

भिंतीला लागे भिंत, मधे हाकेचं गं दार
कुणी 'आहे' म्हणताना उतरे दिवसाचा भार

हाक मारायची पाळी तिच्यावर कधी आलीच नाही. ती आपली ओ देणारी.

पुढे ती घरांचे नकाशे काढू लागली. पेन्सिलीचं टोक कुरतडायची सवय लहानपणची, म्हणून मावशी तिला खार म्हणायची. पदवी मिळाली, दारावर पाटी लागली, तरी मावशीसाठी खार ती खारच. मावशी मात्र विरत चालली होती, धुऊन धुऊन पातळ झालेल्या सुती कापडासारखी. भाजीत मीठ घातलं की नाही ते विसरायची. साल विसरायची, शेजारणीचं नाव विसरायची. हाक तेवढी विसरत नव्हती. चौथ्या मजल्यावरचं भाड्याचं घर, लिफ्ट नाही, गुडघे कधीचे संपावर गेलेले. खार कामावर गेली की मावशी दिवसभर खिडकीशी बसून खालच्या माणसांची डोकी बघायची. म्हणायची, "टकलं वाढलीयत हो वस्तीत."

वस्तीतल्या म्हाताऱ्यांचं एक मंडळ होतं. त्यांतले निम्मे असेच वरच्या मजल्यांवर अडकलेले, उरलेले खाली जिन्यापाशी बसून त्यांच्या नावानं उसासे टाकणारे. मंडळाचा म्होरक्या म्हणजे एक घड्याळजी. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला, आता एका कानानं ठार बहिरा. त्यानं पालिकेच्या मागे लागून लागून वस्तीच्या टोकाची पडीक जागा मागितली. तिथं ज्येष्ठांसाठी बैठी घरं, कुठे उंबरा नाही, कुठे पायरी नाही, आणि मधोमध सगळ्या वस्तीला येता-जाता येईल असं समाजकेंद्र. पालिकेनं तोंडी हो म्हटलं. नकाशाचं काम खारीकडे आलं.

खारीनं मनाशी एकच गाठ बांधली. मावशीला हाक मारता येतेय तोवर ते घर उभं राहायला हवं. आणि दर दोन खोल्यांमधल्या भिंतीत, उशाशी, तिनं सरकत्या झडपेची एक छोटी खिडकी काढली. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, हाकेची खिडकी.

घोडं अडलं ते तिथंच.

नकाशांच्या प्रती काढून देणाऱ्या दुकानात ती शिरली तेव्हा बाहेर भुरभुर लागली होती. गुंडाळी छातीशी कितीही आवळून धरली तरी एक टोक भिजलंच. दुकानदारानं तो लांबरुंद कागद उलगडला आणि म्हणाला, कुणीतरी पलीकडून धरा, हलवून वाळवू, नाहीतर शाई फुटेल. शेजारी उभ्या असलेल्या माणसानं न विचारताच टोक धरलं. उंच, जरासा पुढे वाकलेला, शर्टाच्या खिशाला लाल शाईचा डाग. दोघं चादर झटकायला धरल्यासारखे समोरासमोर उभे. तो कागद हलवत होता आणि हलता हलता वाचतही होता.

"हे भोक कसलं?"

"भोक नाही. खिडकी आहे."

"दोन घरांच्या मधल्या भिंतीत?"

"हो."

"पास नाही व्हायची."

"तुम्हाला कुणी विचारलं?"

तो हसला. हसताना त्याची एकच भुवई वर जायची, ते तिला तेव्हाच दिसलं. आणि दिसलं याचा रागही आला. "अजून कुणी नाही," तो म्हणाला. "उद्या विचारतील बहुतेक."

दुसऱ्या दिवशी ती नगररचना खात्यात गेली तर छाननीच्या टेबलामागे हाच. तोच शर्ट नव्हता, पण डाग त्याच जागी होता.

त्यानं नकाशा तासभर वाचला. उताराच्या वाटेला एक कठडा कमी होता, तो दाखवला. न्हाणीघराचं दार बाहेर उघडायला हवं, आत कुणी पडलं तर दार अडेल, हे सांगितलं. खारीला स्वतःचीच लाज वाटली, इतकं बरोबर होतं ते. मग त्यानं लाल पेन उघडलं आणि हाकेच्या खिडकीभोवती एक गोल काढला. नियमावलीत शब्द आहे, म्हणाला, अखंड. दोन घरांमधली भिंत अखंड हवी. आग लागली तर ती या घरातून त्या घरात जाऊ नये म्हणून.

"आणि हाक?" खारीनं विचारलं. "तीही जाऊ नये?"

"हाकेबद्दल नियमावलीत काही नाही."

तिनं खिडकी लहान करून आणली. गोल आला. लोखंडी झडप दाखवली. गोल आला. नाव बदलून 'शोभेची चौकट' लिहिलं, तर गोलाशेजारी एक प्रश्नचिन्हही आलं, आणि ते प्रश्नचिन्ह हसत होतं अशी तिची खात्री झाली. खात्यात त्याला सगळे साहेब म्हणायचे. तिनं मनातल्या मनात त्याचं नाव तांबडेसाहेब ठेवलं होतं, ते एक दिवस तोंडातून निसटलं.

"माझं आडनाव तांबडे नाही," तो म्हणाला.

"मग काय आहे?"

"प्रत्येक कागदाखाली सही असते की."

"सही वाचता आली असती तर तांबडे कशाला ठेवलं असतं…"

त्याची भुवई वर गेली. त्या दिवशी गोल जरा वाकडा आला.

छाननीवाल्यानं अर्जदाराबरोबर चहासुद्धा घ्यायचा नाही, असा खात्याचा दंडक होता, आणि तांबडेसाहेब दंडकाचा पक्का. एकदा ती खालच्या कँटीनमध्ये एकटीच बसली होती. मागची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, कुणीतरी तिच्या पाठीला पाठ करून बसलं.

"वळू नका," मागून आवाज आला. "मी तुमच्याबरोबर चहा पीत नाहीये."

"मग काय करताय?"

"माझा माझा पितोय. मागे कोण बसलंय मला काय माहीत."

"आणि बोलताय कुणाशी?"

"भिंतीशी."

"अखंड आहे ना, बघून घ्या."

मागे चहाचा ठसका लागला. तेव्हापासून ते असंच चाललं. दोन टेबलं, दोन बिलं, पाठीला पाठ. कँटीनवाल्या काकू एकदा म्हणाल्या, दोघांनी मिळून एकच खुर्ची घेतली असती तर माझी एक जागा सुटली असती. दोघंही ऐकू न आल्यासारखे चहात बघत राहिले, आणि दोघांचेही कान लाल झालेले फक्त काकूंना दिसले.

चेहरा दिसत नसला की माणूस खरं बोलतो. त्याच खुर्चीवरून तिनं त्याला विटेएवढ्या भोकाची गोष्ट सांगितली. मावशी कशी दिवसादिवसानं कमी होतेय, सगळं कसं गळून पडतंय आणि हाक तेवढी कशी राहिलीय, तेही; मावशी तिला खार का म्हणते, तेसुद्धा. मागून उत्तर येईना. पाठीला पाठ असली की हीच पंचाईत, माणूस गप्प आहे की उठून गेला ते कळत नाही. मग हळूच आवाज आला. तो वसतिगृहांत वाढला होता. वडिलांच्या बदल्या, दर दोन वर्षांनी नवी रांग, नवी खाट. झोपायच्या आधी हजेरी असायची, नंबर पुकारला की हजर म्हणायचं.

"म्हणजे तुमच्याकडेही हाक होतीच की," ती म्हणाली.

"ती मोजणी होती हो," तो म्हणाला. "आहेस का, असं मला कुणी विचारलेलं नाही."

मंजुरीच्या सुनावणीच्या आधी नकाशा प्रत्यक्ष जागेवर फक्कीनं आखून दाखवायचा असे. म्हणजे ज्याला हरकत घ्यायची त्यानं डोळ्यांनी बघून घ्यावी. ढगाळ, थंड सकाळ होती. पडीक जागेवर पांढऱ्या रेघांची खोल्याखोल्यांची वस्ती उमटली आणि मंडळातले सगळे म्हातारे नव्या घरी राहायला आल्यासारखे नटून आले. घड्याळजीनं तर आपल्या खोलीच्या रेघेपाशी उभं राहून हवेतच टकटक केलं. "कुणी नाही वाटतं घरात," म्हणाला, आणि स्वतःच आत गेला.

मावशीला खारीनं आणि शेजारच्या दोघांनी खुर्चीत बसवून चार मजले उतरवलं होतं. मावशीनं पांढरी रेघ ओलांडली नाही. "दार कुठंय?" तिनं विचारलं, आणि जिथं रेघ तुटली होती तिथूनच, वाकून, जपून आत गेली. शेजारी घड्याळजीची खोली आहे हे कळल्यावर मावशीनं नाक मुरडलं. "बहिऱ्याच्या शेजारी खिडकी कशाला?"

"हाक ऐकू येत नसली तरी मारलेली कळते, बाई," घड्याळजी म्हणाला. आणि केंद्राचा हॉल बघायला निघून गेला.

खार तेव्हा जागेच्या दुसऱ्या टोकाला होती. पलीकडच्या नव्या इमारतीतले लोक तिला घेरून उभे होते. इथे रुग्णवाहिका येणार, रोज दारावरून कुणी ना कुणी आडवं जाणार, आमच्या मुलांनी हे बघायचं का, आणि आमच्या गाड्या लावायच्या कुठे. ती एकेकाला समजावत होती. आणि मधेच तो आवाज आला, बारीक, सावकाश. मावशी खुर्चीत बसून नसलेल्या भिंतीकडे तोंड करून विचारत होती, "आहेस का गं?"

खार वळली, धावायला लागली, पण जागा मोठी होती. मावशीचा चेहरा बावरायला लागलेला तिला लांबूनच दिसला. शेजारच्या रिकाम्या खोलीत तांबडेसाहेब गुडघ्यावर बसून टेपनं रेघ मोजत होता. त्यानं मान वर केली.

"आहे," तो म्हणाला.

मावशीचा चेहरा निवळला. "मग झोप," ती म्हणाली, आणि स्वतःच डोळे मिटले.

टेप त्याच्या हातातून सटकली आणि खटकन गुंडाळली गेली. तो तसाच बसून राहिला. खार धापा टाकत पोचली तेव्हा त्यानं तोंड फिरवलं, पण तिला दिसायचं ते दिसलं होतं. साहेबांचे डोळे शाईहून तांबडे झाले होते.

"तुम्ही का ओ दिलीत?" तिनं हळूच विचारलं.

"कुणीच देत नव्हतं म्हणून…"

"नियमात बसतं?"

"अजून भिंत कुठाय," तो म्हणाला, आणि पायजमा झटकावा तशी पँट झटकून, उगाचच, पुन्हा तीच रेघ मोजायला लागला.

प्रेम कधी जडलं असं पुढे तिनं स्वतःला पुष्कळदा विचारलं. दर वेळी ती त्याच रेघेपाशी येऊन थांबायची.

शेवटचा नकाशा तिनं दिला तो हट्टानं, पहिल्यासारखाच. उशाशी खिडकी, आणि नाव तेच, हाकेची खिडकी. गोल येणार हे ठाऊक होतं. आला की या खेपेला खिडकी पुसून टाकायची, असंही ठरवलं होतं. नकाशा परत आला. तिनं तो उलगडला, मग उजेडाकडे धरला, मग उलटा करून मागून पाहिला. कुठेही लाल नव्हतं. खाली ती न वाचता येणारी सही, निळ्या शाईत.

त्या संध्याकाळी तिनं मावशीला सांगितलं, खिडकी मिळाली. मावशी म्हणाली, "कुणाला?" पण हसली छान.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये ते पुन्हा पाठीला पाठ करून बसले. तिनं खुर्च्यांच्या फटीतून हात मागे नेला. बोटांना बोटं लागली, शाईनं जराशी खरखरीत. चहा निवून गेला. कुणीही वळलं नाही.

सुनावणी भरल्या हॉलमध्ये झाली. मंडळ पुढच्या बाकांवर, शेजारच्या इमारतीतले मागे. हरकत घेणाऱ्यांचे एक वकील होते, आवाज मधासारखा. रुग्णवाहिकांचं, गाड्यांचं सगळं बोलून झाल्यावर त्यांनी नकाशा टेबलावर पसरला, चष्मा पुसला आणि नेमकं तिथंच बोट ठेवलं. नियमावलीतला शब्द वाचून दाखवला. अखंड. मग तांबडेसाहेबांकडे वळून गोड विचारलं की हे तुम्ही पाहून सोडलंत की पाहिलंच नाही? पाहून सोडलं असेल तर कशासाठी, तेही समजलं पाहिजे. कँटीनला डोळे असतात. अर्जदार बाई आणि छाननीवाले एकमेकांकडे पाठ करून का होईना पण रोज बसतात म्हणे. तसं असेल तर बाईंचा परवाना जाईल, पाटीही उतरवावी लागेल, नाही का?

तो उभा राहिला. हातातलं लाल पेन त्यानं एकदा उघडलं, एकदा बंद केलं. खारीकडे पाहिलं नाही.

"नजरचूक झाली," तो म्हणाला.

मुख्य अधिकाऱ्यांनी मान हलवली. प्रस्ताव नियमाबाहेर, म्हणून फेटाळला. हवं तर पुन्हा पहिल्यापासून अर्ज करा. तोवर जागा शेजारच्या रहिवाशांना गाड्या लावण्यासाठी, तात्पुरती.

"सरकारी तात्पुरतं," घड्याळजी बाकावरून उठत म्हणाला, "आम्हा सगळ्यांना पोचवून वर उरतं."

बाकीचे म्हातारे हळूहळू उठले. कुणी रडलं नाही की भांडलं नाही. एकमेकांचा हात धरून जिन्याकडे गेले, आणि जिना उतरताना नेहमीसारखे थांबत थांबत उतरले.

खारीला त्या सगळ्यातून एकच शब्द ऐकू येत राहिला. नजरचूक. घर गेलं हे दुःख डोंगराएवढं होतं, पण त्याच्या पोटात हे दुसरं, काट्याएवढं, जास्त सलत होतं. बिनगोलाचा नकाशा उजेडाकडे धरून ती ज्या गोष्टीवर नाचली होती ती जर एक चूकच असेल, दमलेल्या माणसाच्या डोळ्यांची, तर मग ते फटीतलं बोटही… चुकून लागलेलं? ती पुन्हा कँटीनकडे फिरकली नाही. तोही आला नाही.

आणि मग मावशी पडली. जिन्यातच. खार घरी नसताना, कुणाला तरी शोधायला म्हणून बाहेर आली होती म्हणे. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, आता चौथा मजला विसरा. गावाबाहेर शुश्रूषेचं एक केंद्र होतं, लांबच लांब दालन, खाटा, दर दोन खाटांमध्ये छतापर्यंत गेलेली जाड भिंत. अखंड.

तिथं पहिले काही दिवस मावशी हाका मारायची. खार भेटीची वेळ संपेपर्यंत बसायची, आणि दारातून बाहेर पडताना मागून यायचं, आहेस का गं, आणि ती धावत परत जायची. मग तिथल्या बायकांनी मावशीला समजावलं. आजी, ओरडू नका हं, बाकीचे झोपतात. वाईट नव्हत्या बायका. केस विंचरून द्यायच्या, भरवायच्या.

मावशी गुणाची. गप्प झाली.

खार जायची, भिंतीच्या पलीकडच्या बाजूला स्टुलावर बसायची आणि वाट बघायची. एकदा तरी येईल. ओठांवर 'आहे' तयार ठेवून बसायची, जशी लहानपणी. पण कुणी विचारतच नाही तर उत्तर द्यायचं कुणाला? पलीकडे मावशीचा श्वास ऐकू यायचा, बस. एकदा तिनं आत जाऊन मावशीच्या कानाशी वाकून ती जुनी ओळ म्हटली, भिंतीला लागे भिंत… मावशीनं तिच्याकडे पाहिलं, परक्या माणसाकडे बघून भलेपणानं हसावं तशी हसली, आणि म्हणाली, "छान म्हणता हो."

बसमध्ये खार रडली नाही. घरी येऊन मावशीची उशी उन्हात टाकली, ती आणायची विसरली, उशी तशीच दोन दिवस गच्चीत पडली.

घड्याळजी जिना चढत चढत, दर मजल्यावर बसत, तिला भेटायला आला. धाप ओसरल्यावर म्हणाला की तांबडेसाहेबांची बदली झालीय, लांब कुठेतरी. शिक्षाच म्हण. उद्या टेबल रिकामं करणार.

खार त्याच्याशेजारी पायरीवर बसली.

"त्यानं खरं सांगितलं असतं ना, तर तुझी पाटी उतरली असती, खारे."

"खरं काय होतं ते कुणाला माहीत, काका?"

"काय म्हणालीस?" त्यानं चांगला कान पुढे केला.

"खरं काय होतं ते मला माहीत नाही," ती मोठ्यानं म्हणाली, आणि मोठ्यानं म्हटल्यावर तिचा आवाज फाटला.

"मग विचार की त्याला."

"मला विचारता येत नाही. जन्मभर मी फक्त ओ दिलीय."

म्हातारा कठडा धरून उठला. "मावशी थकली तुझी," म्हणाला. "आता कुणीतरी हाक मारायला घ्यायला हवी."

दुसऱ्या दिवशी ती फेटाळलेले नकाशे परत आणायला निघाली. वाटेत ती जागा लागली. गाड्यांच्या रांगा उभ्या होत्या. चाकांच्या मधून कुठे कुठे फक्कीची रेघ अजून दिसत होती. मावशीच्या खोलीत एक पांढरी गाडी आडवी लावलेली होती. खार थांबली. जिथं रेघ तुटली होती तिथूनच आत गेली, गाडीच्या काचेत स्वतःचा चेहरा पाहिला, आणि दारातूनच बाहेर आली.

खात्यात छाननीचं टेबल रिकामं होतं. शिपायानं नकाशांची गुंडाळी तिच्या हातात दिली. ती खाली कँटीनमध्ये गेली आणि नेहमीच्या खुर्चीवर बसली. काकूंनी आज चेष्टा केली नाही. चहा ठेवला, आणि मागच्या टेबलावरही एक ठेवला.

थोड्या वेळानं मागची खुर्ची सरकली.

ती वळली नाही. आता वळायला काही हरकत नव्हती. प्रस्ताव मेला होता, ती कुणाची अर्जदार नव्हती, तो कुणाचा छाननीवाला नव्हता. पण मान वळेना. गुंडाळी मांडीवर होती, तिच्यात कुठेतरी ती बिनगोलाची खिडकी. चहावर साय धरली. मागे कप उचलल्याचा आवाज नाही, खोकला नाही, काही नाही. कुणीतरी बाहेर दार आपटलं. पाठीला पाठ असली की हीच पंचाईत. गेला असेल. खुर्ची सरकली ती बसताना की उठताना, तेही आता आठवेना. तिला एकदम ती खोली आठवली, परक्या वासाची उशी, आणि अंधारात गप्प पडून राहिलेली एक पोर. तेव्हा पलीकडून कुणीतरी दुसऱ्यांदा हाक मारली होती म्हणून ती वाचली होती.

तिनं चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. आवाज आला तो तिचा तिलाच ओळखू आला नाही, इतका सावकाश.

"आहेस का रे?"

काही नाही. काकू कपबशा विसळायच्या थांबल्या.

"आहे," मागून आवाज आला. आणि मग, कितीतरी दिवस दातांखाली धरून ठेवलेलं सोडावं तसं, "ती नजरचूक नव्हती, खारे. खिडकी दिसली होती मला. पाहूनच सोडली."